जन्मतारखेची साक्ष

बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात, काय घडले याचा निर्णय होण्याच्याही आधी, ते घडले त्या दिवशी मुलीचे वय काय होते याचा निर्णय न्यायासनास करावा लागतो. कारण १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अंमलात आलेला जो कायदा सर्वत्र ‘पॉक्सो’ या नावाने ओळखला जातो, तो १८ वर्षांच्या आतील व्यक्तीची संमती जमेस धरीतच नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या मुख्य कलमाखालील किमान शिक्षा १० वर्षे असून मुलगी १६ वर्षांच्या आतील असल्यास ती २० वर्षांवर जाते, आणि ती १२ वर्षांच्या आतील असल्यास गुन्हाच अधिक गंभीर वर्गात पडतो. म्हणजे एका जन्मतारखेवर एका बाजूस मुलीचे संरक्षण आणि दुसऱ्या बाजूस एखाद्या इसमाच्या आयुष्याची १०–२० वर्षे अवलंबून असतात. आणि ही जन्मतारीख बहुधा अशा कागदावर असते, की जो लिहिणाऱ्याने लिहिताना तो कधी काळी न्यायालयात निशाणी म्हणून दाखल होईल असे मनातही आणलेले नसते.

हा विषय देवरीत निघाला. गोंदिया जिल्ह्याच्या छत्तीसगडकडील टोकास, मुंबई–कोलकाता महामार्गावर वसलेले हे तालुक्याचे ठिकाण. भोवती गोंड व हलबा समाजांची गावे, धानाची शेते आणि मोहा–तेंदूचे रान. तालुक्याचे न्यायालय येथेच आहे, परंतु विशेष न्यायालयापुढील खटल्यासाठी साक्षीदारास आमगावमार्गे गोंदियास जावे लागते. ज्या दोघांचा संवाद मी पुढे देत आहे त्यांपैकी बाईंची सारी नोकरी याच तालुक्यातील शाळांत गेली व मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या. वकीलसाहेब देवरी–गोंदियास वकिली करतात आणि बहुतेक वेळी आरोपीच्या बाजूने उभे राहतात. दोघांचाही एकमेकांविषयी आदर आहे, आणि या एका विषयावर दोघांचे मुळीच जुळत नाही.

बाई : मी साक्षीस गेले तेव्हा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर कापडात बांधून बरोबर नेले होते. मुलगी सातवीतली. रजिस्टरात तिचा अनुक्रमांक, बापाचे नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल झाल्याचा दिनांक, सगळे जागच्या जागी. सरतपासणी झाली, आणि मग उलटतपासणीत मला विचारले, की ही नोंद आपल्या हस्ताक्षरात आहे काय? नाही, माझ्या आधीच्या गुरुजींच्या हातची आहे. नोंद केली तेव्हा आपण हजर होता काय? नव्हते. जन्माचा कोणता पुरावा पाहून ही तारीख लिहिली? ते मला कसे ठाऊक असणार? प्रवेशाचा अर्ज कोठे आहे? तो दफ्तरात सापडला नाही. एवढ्या चार उत्तरांवर त्या मुलीचे बालपण नाशाबीत ठरले. वकीलसाहेब, ज्या रजिस्टरावर सरकार शिष्यवृत्ती देते, वसतिगृहात जागा देते, पुढे नोकरी देते, त्याच सरकारच्या न्यायालयात ते रजिस्टर एकाएकी कवडीमोल कसे होते?

वकीलसाहेब : बाई, आपण सांगता तो प्रसंग माझ्याही व्यवसायात वारंवार येतो, आणि ते प्रश्न विचारणारा कधी कधी मीच असतो, म्हणून आडपडदा न ठेवता बोलतो. सार्वजनिक दप्तरातील नोंद पुराव्यात ग्राह्य होणे ही एक गोष्ट आणि तिच्यातील मजकूर खरा मानणे ही दुसरी. पूर्वीच्या पुरावा अधिनियमाचे ३५ वे कलम आणि आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे २९ वे कलम आपल्या रजिस्टरास न्यायालयाचे दार उघडून देते, त्यापलीकडे नाही. १९८८ साली राजस्थानातील एका निवडणुकीच्या वादात, बिराद मल सिंघवी यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शाळेतील जन्मतारीख कोणी व कशाच्या आधारे सांगितली हे पुढे आल्याखेरीज त्या नोंदीस फारसे वजन नाही. ती मुलगी अमुक दिवशी आपल्या शाळेत दाखल झाली याची साक्ष आपले रजिस्टर देऊ शकते, कारण ती गोष्ट शाळेत घडली. ती जन्मली ती मात्र शाळेत नव्हे. २०११ मध्ये अलामेलू खटल्यात सरकारी शाळेचा दाखला याच कारणाने अपुरा ठरला, आणि २०२३ मध्ये युवाप्रकाश खटल्यात तर पॉक्सोखालील शिक्षाच रद्द झाली, कारण पुराव्यात होती ती केवळ टी.सी., आणि बाल न्याय अधिनियमाच्या ९४ व्या कलमात मोडणारा तो कागद नव्हे. आता आपणच सांगा, आपल्या रजिस्टरात १ जून आणि १ जुलै या तारखांना जन्मलेली मुले किती?

बाई : पानामागून पान तशी आहेत, हे मी नाकारीत नाही. जूनमध्ये शाळा उघडे, आई लेकराला हाताशी धरून येई, तारीख विचारली तर ‘धान रोवणीच्या दिवसांतली’ किंवा ‘मोह पडत होता तेव्हाची’ असे सांगे, आणि सहा वर्षे पुरी व्हावीत अशी एक तारीख गुरुजी लिहून टाकीत. परंतु त्या लिहिण्यात कपट नव्हते. शिवाय ती नोंद गुन्ह्याच्या सात-आठ वर्षे आधीची. तेव्हा ना आरोपी कोणाच्या डोळ्यांपुढे होता ना फिर्याद. आणि एक गोष्ट तुम्ही वकील मंडळी कधी तपासून पाहत नाही. पाच वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायचे म्हणून गुरुजींनी तिचे वय सहा लिहिले असेल, तर ती मुलगी कागदापेक्षा प्रत्यक्षात लहान आहे. मग ती चूक कोणाच्या बाजूने झाली?

वकीलसाहेब : आरोपीच्या, हे कबूल केले पाहिजे. परंतु जी मुलगी धाकट्या भावंडास सांभाळीत आठव्या वर्षापर्यंत घरीच राहिली आणि मग पहिलीत सहाची म्हणून नोंदली गेली, तिच्याबाबत चूक उलट दिशेने जाते. ती कागदावर १७ वर्षांची असते तेव्हा वस्तुतः १९ वर्षांची असते. दोन्ही प्रकार या मुलखात घडतात.

येथे मला मध्येच सांगावेसे वाटते, की बाईंचा हा मुद्दा साऱ्या वादातील अत्यंत मोलाचा मुद्दा आहे आणि निकालपत्रांत तो क्वचितच उमटतो. अंदाजाने लिहिलेली तारीख ही केवळ अनिश्चित नसते. तिच्या चुकीस दिशा असते, आणि ती दिशा शोधून काढता येते. मुलगी कोणत्या इयत्तेत प्रथम दाखल झाली, तिच्या पाठच्या व आधीच्या भावंडांच्या नोंदी काय आहेत, त्यांत परस्पर अंतर निसर्गतः संभवनीय आहे काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडते. पहिल्या दोन अपत्यांच्या जन्मांत कागदोपत्री चारच महिन्यांचे अंतर निघाले तर दोहोंपैकी एक तारीख निश्चितच खोटी. आणि उलट, जिल्हा वेगळा झाला त्या उन्हाळ्यात, म्हणजे १९९९ च्या मे महिन्यात, थोरला जन्मला आणि त्याच्या पाठीवर तिसरी ही, असे आई सांगत असेल व भावंडांच्या नोंदी त्याशी जुळत असतील, तर त्या निरक्षर आईची जबानी मला एखाद्या शिक्का मारलेल्या कागदाहून कमी विश्वसनीय वाटत नाही. विष्णू ऊर्फ उंड्र्या विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नोव्हेंबर २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, आईबापांची साक्ष व जन्माची नोंद एकमेकींस दुजोरा देत असता, डॉक्टरी अंदाजापेक्षा त्यांस अधिक मानले, ते याच न्यायाने.

वकीलसाहेब : डॉक्टरी अंदाजाचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. ९४ वे कलम पायऱ्या घालून देते: प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही हुकमापासून १५ दिवसांत. मनगट, कोपर, खांदा, कमरेचे हाड यांची क्षकिरण छायाचित्रे घेतात, वाढत्या वयात हाडांची टोके मूळ हाडास क्रमाक्रमाने सांधली जातात, त्या सांध्यांवरून वयाचा अदमास बांधतात, अक्कलदाढ पाहतात. परंतु अदमास तो अदमास. १९८२ च्या जयामाला खटल्यापासून न्यायालये हे गृहीत धरून चालतात, की या तपासणीत दोन्ही बाजूंस दोन-दोन वर्षांची चूक संभवते. १७ वर्षांची म्हणून दाखवलेली मुलगी १५ ची असू शकेल, तशी १९ चीही. अशा मापाने मी एखाद्या तरुणास २० वर्षे तुरुंगात धाडू द्यावे काय?

बाई : आणि ते हाड कोणाचे आहे हेही पाहाल की नाही? पोटभर न खाल्लेल्या लेकराचे हाड आणि शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुलीचे हाड एकाच वेगाने जुळते काय? आमच्या आश्रमशाळेत येणाऱ्या कितीतरी मुली वयाच्या मानाने लहानखुऱ्या दिसत. तुमच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, महादेव केरबा मस्के यांच्या महाराष्ट्रातल्या खटल्यात, डॉक्टर १७ ते २५ म्हणत असता शाळेचा कागद उचलून धरला होता, हे तुम्हीच मला एकदा सांगितले होते.

वकीलसाहेब : सांगितले होते, आणि त्याच साली जर्नेलसिंग विरुद्ध हरियाणा राज्य या निकालाने, गुन्हा केलेल्या बालकाचे वय ठरवण्याची जी रीत तीच गुन्ह्यास बळी पडलेल्या बालकासही लागू करावी, असे ठरवले. येथेच माझी खरी हरकत आहे, बाई. ती रीत मुळात आरोपी असलेल्या मुलासाठी घडवलेली होती. तेथे संशय आला तर तो मुलाच्या बाजूने, म्हणजे आरोपीच्याच बाजूने, सोडवला जाई. २००७ च्या बाल न्याय नियमांत तर वैद्यकीय वयातून एक वर्षापर्यंत सूट देण्याची मुभाही होती. बालक आणि आरोपी एकच असल्यामुळे करुणा आणि फौजदारी न्यायाचा सनातन नियम या दोहोंत विरोध नव्हता. पीडितेच्या बाबतीत बालक एका बाजूस आणि आरोपी दुसऱ्या बाजूस आहे. आता त्याच हाडातला तोच संशय कोणास द्यायचा? दिल्लीच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये उत्तर दिले, की तपासणीत निघालेल्या वयोमर्यादेतील वरचे वय धरावे, त्यावर आणखी दोन वर्षांची चूक मिळवावी, आणि लाभ आरोपीस द्यावा. मला ते उत्तर कायद्यास धरून वाटते.

बाई : मला ते भयंकर वाटते. म्हणजे १६ ते १८ असे डॉक्टर म्हणाला, तर कायद्याच्या लेखी ती २० वर्षांची! ज्या मुलीपाशी दाखला आहे तिला संरक्षण, आणि जिच्या आईबापांनी शाळेचे तोंड दाखवले नाही, जिची नोंद ग्रामपंचायतीत कोणी केली नाही, ती दोन वर्षांनी मोठी. सर्वांत उघड्यावर असलेल्या मुलीलाच हा हिशेब सर्वांत आधी बाहेर टाकतो.

बाईंच्या या बोलण्यास वकीलसाहेबांकडून लगेच उत्तर आले नाही. आणि ते येण्यासारखेही नव्हते, कारण या झाडीपट्टीच्या इतिहासातच त्याचा दाखला आहे. देवरीपासून नैर्ऋत्येस फार दूर नसलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, २६ मार्च १९७२ च्या रात्री, आईबापांवेगळ्या आणि भावाच्या आश्रयाने मजुरी करून राहणाऱ्या एका आदिवासी मुलीवर ठाण्यातील पोलिसांनीच अत्याचार केल्याचा तो खटला; तिचे नाव साऱ्या देशाने उच्चारले असले तरी मी ते येथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ असावे असे नमूद केले. संमतीचे वय त्या काळी १६ होते. तथापि १ जून १९७४ रोजी सत्र न्यायाधीशांनी, ती १६ वर्षांच्या आत होती हे समाधानकारकपणे शाबीत झाले नाही, असा निष्कर्ष काढला. आणि तो एकदा निघाल्यावर खटला तिच्या संमतीच्या, म्हणजे तिच्या चारित्र्याच्या, चर्चेकडे वळण्यास वाट मोकळी झाली. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी रद्द केली. पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांस लिहिलेले अनावृत पत्र आणि त्यातून १९८३ मध्ये झालेली कायद्याची दुरुस्ती हे सर्वज्ञात आहे. त्या पत्राची व त्या दुरुस्तीची चर्चा संमतीच्या अंगाने पुष्कळ झाली. परंतु जन्माची एक ओळ कोठे तरी लिहिलेली असती, तर संमतीचा प्रश्न उद्भवलाच नसता, या गोष्टीकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही. आई नाही, बाप नाही, शाळा नाही. जन्मवेळ सांगणार कोण, आणि शाबीत करणार कोण?

वयाची मर्यादा कायद्याने वाढत गेली: १८६० साली १०, फुलमणी दासीच्या मृत्यूने हादरलेल्या देशात १८९१ साली १२, १९२५ मध्ये १४, १९४९ मध्ये १६ आणि अखेर २०१२ मध्ये १८. टिळक आणि आगरकर, मलबारी आणि भांडारकर यांनी त्या १२ या आकड्यावरून महाराष्ट्र ढवळून काढला. मर्यादेवर एवढे वाद झाले, परंतु मर्यादेच्या अलीकडे कोण व पलीकडे कोण हे ओळखण्याचे साधन, म्हणजे जन्माची बिनचूक नोंद, ही बाब दुय्यम अंमलदारांकडेच राहिली. मध्यप्रांताच्या अंमलात या भागात कोतवाल गावातील जन्ममृत्यूची वर्दी देई. त्या कोतवाल बुकाच्या नकला आजही जातीचा दाखला मिळवण्यासाठी लोक तहसिलीत शोधतात. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाखालील नियमांनी पुढे २१ दिवसांची मुदत घातली, आणि खेड्यात ते काम ग्रामसेवकाकडे आले.

बाई : ग्रामसेवकाकडे चार-चार वर्षांनी नोंद करायला गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

वकीलसाहेब : गुन्हा घडल्यावर केलेली उशिराची नोंद तर पुराव्यास फारशी कामाची नाही. आणि बाई, आपण मला निर्दय समजाल म्हणून एक गोष्ट सांगतो. माझ्याकडे येणारे सगळेच आरोपी पशू नसतात. १९–२० वर्षांचा मुलगा, १७ वर्षांची मुलगी, दोघे एका गावचे, तेंदूपानांच्या हंगामात ओळख झालेली, दोघे मिळून पळून जातात. मुलीचा बाप फिर्याद देतो. मुलगी न्यायालयात रडून सांगते की मी आपखुशीने गेले. त्या मुलास किमान १० वर्षे. न्यायाधीशांनाही ते पाहवत नाही. मग मी रजिस्टरावर बोट ठेवतो, नोंद करणारे गुरुजी आलेले नाहीत म्हणतो, आणि वय शाबीत न झाल्याने मुलगा सुटतो. ती एकच फट माझ्या हाती आहे. ती बुजवली तर त्याला वाचवायचे कशाने?

बाई : आणि त्याच फटीतून माझ्या सातवीतल्या मुलीचा गुन्हेगार बाहेर गेला.

माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म या दोन वाक्यांत आहे. वयाचा संशय हा आपल्या न्यायव्यवस्थेत दयेचा चोरदरवाजा होऊन बसला आहे. कायद्याची कठोरता जेथे अन्यायकारक वाटते तेथे ती उघडपणे सांगण्याऐवजी आपण जन्मतारीख संदिग्ध करतो. आणि एका तरुणास वाचवण्यासाठी पुराव्याचा जो नियम आपण सैल वा कडक करून ठेवतो, तोच उद्या ४० वर्षांच्या नराधमासही हाताशी येतो, कारण नियम माणूस पाहून लागू होत नाही. १६ ते १८ या वयातील प्रेमसंबंधांचा प्रश्न खरा आहे. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या आपल्या २८३ व्या अहवालात, १८ ची मर्यादा न हलवता, अशा खटल्यांत शिक्षेपुरता न्यायाधीशांस मार्गदर्शित विवेकाधिकार द्यावा असे सुचवले. त्या सूचनेवर संसदेत वाद व्हावा, मतभेद व्हावेत, निर्णय व्हावा. परंतु तो वाद देवरीच्या एखाद्या शाळेतील रजिस्टराच्या पानावर लढवला जाऊ नये. शिक्षेतील दया शिक्षेच्या वेळी मागावी. मुलगी कधी जन्मली हे सत्य आहे, आणि सत्य हे कोणाच्याही सोयीसाठी वाकवण्याची वस्तू नव्हे.

वकीलसाहेबांची हरकतही मला तितकीच मान्य आहे. मुलीविषयीच्या कळवळ्याने पुराव्याचा भार हलका करणे हा उपाय नव्हे; आधार नसलेली तारीख न्यायालयाने डोळे मिटून स्वीकारावी असे मी म्हणणार नाही. भार जड आहे तर तो उचलण्याची सिद्धता सरकारने ठेवावी, एवढेच. पॉक्सोचे ३४ वे कलम वयाचा प्रश्न उद्भवताच विशेष न्यायालयाने स्वतःचे समाधान करून घ्यावे आणि कारणे लेखी नमूद करावीत असे सांगते. मग न्यायाधीशांनी निमूट बसून, अमुक साक्षीदार आला नाही एवढेच नोंदवावे, हे त्या कलमास धरून नाही. कोणताही साक्षीदार बोलावण्याचा आणि कोणताही दस्तऐवज मागवण्याचा अधिकार त्यांस आहे. बाईंच्या पूर्वीचे गुरुजी हयात असतील तर त्यांस समन्स काढता आले असते. अर्ज शाळेत नसेल तर त्याचा शोध घेण्याचा हुकूम करता आला असता.

बाई : मी एक सुचवते. अंगणवाडीचे रजिस्टर कोणी का मागत नाही? मूल जन्मले की सेविकेच्या वहीत त्याचे नाव चढते, वजन लिहिले जाते, लसीची तारीख लिहिली जाते. ती वही जन्मानंतर काही दिवसांतच लिहिलेली असते. माझे रजिस्टर सहा वर्षांनंतरचे. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तेथील प्रसूतीची नोंदवही आहे. आईपाशी लसीकरणाचे कार्ड आहे.

वकीलसाहेब : ९४ व्या कलमाच्या यादीत ती वही नाही, म्हणून तिच्या एकटीच्या बळावर निकाल होणार नाही. परंतु आपल्या रजिस्टरातील तारखेस ती दुजोरा देत असेल, तर तारीख कोठून आली हा माझा प्रश्न तेथेच संपतो. खरे सांगायचे तर, आरोपपत्र दाखल होईपर्यंत तपासी अंमलदार शाळेतून दाखल्याची एक साक्षांकित प्रत आणतो आणि थांबतो. त्याने पहिल्या काही दिवसांतच प्रवेशाचा अर्ज, ग्रामपंचायतीचा उतारा, सेविकेची वही, भावंडांच्या नोंदी आणि आईची सविस्तर जबानी एवढे गोळा केले, तर वयावर उलटतपासणी करण्यासारखे माझ्यापाशी काही उरणार नाही, आणि मी ती करणारही नाही. नाही केले, तर करीन. माझ्या अशिलाशी मी तेवढा बांधलेला आहे.

बाई : करा. परंतु त्या वेळी, तू नक्की केव्हा जन्मलीस, हे त्या मुलीस विचारू नका. ते विचारायचे तर ग्रामसेवकाला विचारा, सेविकेला विचारा, मला विचारा. आम्ही पगार घेत होतो.

वकीलसाहेबांनी हे मान्य केले, आणि तसेही ३३ व्या कलमान्वये मुलीस विचारावयाचा प्रत्येक प्रश्न न्यायाधीशांच्याच मुखातून जावा लागतो, याची आठवण दिली. ४० वर्षांचा गुन्हेगार आणि २० वर्षांचा प्रियकर यांत पुराव्याच्या पातळीवर भेद करावा की शिक्षेच्या, यावर मात्र दोघांचे एकमत त्या दिवशी झाले नाही.